हसलेल्या अनारशाचे शास्त्र

मराठी पाकशास्त्राच्या परिभाषेत 'हसणे' या क्रियापदाला एक अत्यंत शोकात्म अर्थ आहे, आणि तो ज्यांना ठाऊक नाही अशा व्यक्तींनी व यंत्रांनी अनारशाच्या वाटेला जाऊ नये, हे सुरुवातीलाच नमूद करणे उचित ठरेल. कढईतल्या तुपात सोडलेला अनारसा जाळी पडून, तांबूस होऊन वर येण्याऐवजी कडेने फुटू लागतो, मग पसरतो, मग त्याचे कण सुटे होऊन तुपात स्वैर विहार करू लागतात आणि अखेरीस गाळासारखे तळाशी जाऊन बसतात; या अवस्थेला 'अनारसा हसला' असे म्हणतात. त्या क्षणी स्वयंपाकघरात अन्य कोणीही हसत नाही.

अनारसा हा तांदूळ, गूळ, तूप आणि खसखस या चारच वस्तूंचा पदार्थ होय. साहित्याची यादी इतकी आखूड असलेले पदार्थ नेहमीच धोक्याचे असतात, कारण बिघडल्यास दोष देण्यासाठी पाचवी वस्तू सापडत नाही. जुना तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज त्याचे पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी उपसून कापडावर सावलीत पसरायचा, तो ओला राहिलेला नसेल पण वाळलेलाही नसेल अशा मधल्या मुहूर्तावर (जो कोणत्याही पंचांगात दिलेला नसतो) कुटायचा, पिठी बारीक चाळणीने चाळायची, तीत किसलेला गूळ आणि थोडे तूप घालून मळायचे, तो गोळा डब्यात चार-पाच दिवस मुरू द्यायचा. त्यानंतर लहान लिंबाएवढी गोळी खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडायची, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे आणि काहीही झाले तरी ती उलटायची नाही. यात गूळ थोडा अधिक झाला किंवा पिठीत ओल राहिली की अनारसा हसतो, आणि गूळ कमी पडला किंवा पिठी कोरडी झाली की तो इतका गंभीर होतो की दाताला दाद देत नाही. या दोन टोकांच्या मधल्या जागेत मानवी कौशल्य नावाची गोष्ट राहते.

या पदार्थाची कसोटी साधारणतः दिवाळीत लागते. परंतु त्याची अंतिम परीक्षा अधिक महिन्यात असते. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे 354 दिवसांचे आणि सौर वर्ष सुमारे 365 दिवसांचे असल्याने दरवर्षी पडणारे अकरा दिवसांचे अंतर साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना घालून भरून काढले जाते, आणि हा जादा महिना जावयाच्या वाट्याला जातो. कारण या महिन्यात जावयाला जाळीदार पदार्थाचे वाण देण्याची रीत असून अनारशांची संख्या 33 असावी असा संकेत आहे. हा आकडा कोणी तीन वर्षांत साठणाऱ्या अकरा-अकरा दिवसांशी जोडतात, तर कोणी तेहतीस कोटी देवांशी. सासुरवाडीच्या दृष्टीने दोन्ही उपपत्तींचा परिणाम एकच असतो.

2023 साली अधिक मास श्रावणात आला, म्हणजे 18 जुलै ते 16 ऑगस्ट या काळात, आणि त्याच वर्षी डोंबिवलीतील एका गृहस्थांच्या कन्येच्या विवाहानंतरचा तो पहिलाच अधिक होता. हे गृहस्थ निवृत्त अभियंता असून त्यांची सारी नोकरी पाण्याचा दाब, प्रवाह आणि गळती मोजण्यात गेली होती, हा तपशील पुढील घटनाक्रमाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे. (प्रस्तुत लेखक याच इमारतीत राहतो, या प्रयोगातील त्याचे योगदान वाया गेलेला माल संपवण्यापुरते मर्यादित होते, आणि ते त्याने निष्ठेने पार पाडले.) जावई पुण्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्याच व्यवसायात असल्यामुळे, वाणाचे अनारसे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने करावेत, म्हणजे परंपरा आणि प्रगती एकाच ताटात वाढता येतील, अशी कल्पना गृहस्थांना सुचली.

गृहिणींचा या कल्पनेला विरोध होता.

"अहो, अनारसे विकत मिळतात. अगदीच वाटलं तर पीठही मिळतं."

"विकतचे? जावई काय म्हणतील?"

"'थँक यू' म्हणतील. दुसरं काय म्हणणार?"

हे उत्तर तर्कदृष्ट्या निर्दोष असल्यामुळेच फेटाळण्यात आले.

घरात अनारशांची एक मान्यवर तज्ज्ञ उपलब्ध असताना गृहस्थ यंत्राकडे का वळले, हा प्रश्न येथे उद्भवतो. गृहस्थांच्या आत्या, वय वर्षे 81, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कल्याणला मुलाकडे राहतात, म्हणजे लोकलने जेमतेम दोन स्थानके दूर. परंतु त्यांच्याकडून पाककृती मिळवण्याचे एक शुल्क ठरलेले होते. प्रथम 1972 च्या दुष्काळात त्यांनी मिलो ज्वारीच्या भाकरी कशा थापल्या ते ऐकावे लागे, नंतर गृहस्थांना लहानपणी पाढे का येत नसत याची कारणमीमांसा होई, आणि शेवटी, वेळ उरल्यास, पाककृती. यंत्राचे सर्वांत मोठे आकर्षण त्याच्या ज्ञानात नसून ते टोमणे मारत नाही यात आहे, ही बाब या विषयावरील ग्रंथकारांच्या नजरेतून बहुधा सुटलेली दिसते. तरीही गृहस्थांनी कर्तव्य म्हणून एकदा फोन केला होता.

"आत्या, गूळ किती घालायचा?"

"बसेल तेवढा."

"म्हणजे किलोला किती?"

"ते मला काय विचारतोस? पिठीला विचार."

आत्यांची पद्धत अशास्त्रीय आहे, असा निष्कर्ष गृहस्थांनी काढला, आणि तो वरवर पाहता चुकीचा नव्हता. मराठी स्वयंपाकघराची मापनपद्धती ही जगातील अत्यंत सूक्ष्म आणि अत्यंत बेजबाबदार मापनपद्धतींपैकी एक असावी. तीत मीठ चवीपुरते असते, हिंग चिमूटभर, हळद नखभर, भाताचे पाणी तांदळाच्या वर बोटाचे एक पेर, तिखट बेताचे, तूप मावेल तेवढे आणि वेळ अंमळ. पेर कोणाच्या बोटाचे, हा प्रश्न विचारणाऱ्याला स्वयंपाकघरातून बाहेर जाण्याचा मार्ग दाखवला जातो. भारत सरकारने 1956 च्या कायद्याने दशमान वजने-मापे स्वीकारली आणि त्यानंतर शेर, छटाक, तोळा यथावकाश निवृत्त झाले. परंतु 'अंमळ' रद्द करण्याचे धैर्य कोणत्याही कायद्याला झाले नाही. पाकाच्या बाबतीतही हेच. पाश्चात्त्य पाकपुस्तके तारेच्या पाकासाठी साधारण 106 ते 112 अंश सेल्सिअस असा आकडा देतात, तर मराठी गृहिणी उकळत्या पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून दोन्ही बोटे अलग करते, तार मोजते, बोट चाटते आणि गॅस बंद करते. तिची तपासणी पूर्ण होते तेव्हा दुसरी व्यक्ती अजून तापमापक शोधत असते.

या प्रकाराला नाव देण्याचे काम एका हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने केले. मायकेल पोलान्यी हे पुढे तत्त्वज्ञानाकडे वळले, आणि 1966 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी असे प्रतिपादन केले की माणसाला जेवढे येत असते तेवढे त्याला सांगता येत नाही. सायकलचा तोल, ओळखीचा चेहरा, वाद्याचा सूर यांसारख्या गोष्टींच्या या ज्ञानाला मराठीत 'अबोल ज्ञान' म्हणता येईल. आत्यांना ही संज्ञा अर्थातच अमान्य झाली असती, कारण त्यांच्या कोणत्याही ज्ञानाला अबोल म्हणणे हे वस्तुस्थितीला धरून नव्हते. त्या बोलत भरपूर; फक्त विचारलेल्या विषयावर बोलत नसत.

यंत्राने मात्र विचारलेल्या विषयावर तत्काळ उत्तर दिले. हे यंत्र म्हणजे 2022 च्या अखेरीपासून घरोघरी आलेल्या संभाषणयंत्रांपैकी एक होते. अशा यंत्राच्या मुळाशी 'भाषाप्रारूप' असते, म्हणजे प्रचंड मजकूर वाचून, एका शब्दानंतर दुसरा कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे याचा हिशेब बांधणारी गणिती रचना. थोडक्यात, मराठीत ज्याला 'अंदाजपंचे दाहोदरसे' म्हणतात, तेच यंत्र फार मोठ्या प्रमाणावर आणि फार मोठ्या विजेच्या बिलावर करत असते. आत्याही अंदाजच करतात. परंतु त्यांचा अंदाज तांदळाच्या ओलीचा असतो आणि यंत्राचा अंदाज तांदळाविषयी लोक काय लिहितात याचा, आणि हा फरक कढई तापेपर्यंत कोणाच्याही ध्यानात येत नाही. अंदाज चुकला तरी यंत्राचा आत्मविश्वास ढळत नाही. या प्रकाराला तंत्रज्ञ 'भ्रम' म्हणतात आणि तो नवा दोष असल्यासारखी चर्चा करतात. वास्तविक पत्ता विचारला असता 'माहीत नाही' असे न म्हणता हात लांब करून "सरळ जा, मारुतीच्या देवळाला डावीकडे वळा" असे सांगणारे सद्गृहस्थ प्रत्येक नाक्यावर पिढ्यान्पिढ्या उभे असून, पुढे देऊळ लागत नाही म्हणून त्यांची कोणी चौकशी समिती नेमलेली नाही.

यंत्राच्या उत्तराची सुरुवात अनारसे हा एक स्वादिष्ट व पारंपरिक पदार्थ आहे या माहितीने झाली, तिच्या मागोमाग गरम तुपापासून सावध राहण्याचा इशारा आला, आणि खसखस जवळ बाळगणे संयुक्त अरब अमिरातीत गुन्हा ठरू शकतो, ही डोंबिवलीकरांस तूर्त निरुपयोगी परंतु सत्य अशी माहितीही मिळाली. कृती मात्र नीट होती. पिठीच्या वजनाइतका गूळ, असे त्यात म्हटले होते, आणि गृहस्थांनी त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत अचूक असा वजनकाटा मागवला. पिठी कोणत्या अवस्थेत तोलायची हे मात्र त्यात नव्हते. ओल्या पिठीचे वजन करताना तीत किती तांदूळ आणि किती पाणी याचा निवाडा काटा देत नाही. आयुष्यभर पाणी मोजलेल्या गृहस्थांना आपण गुळाच्या भावाने पाणीच तोलत आहोत हे उमगले, तोवर गूळ पडून गेला होता.

त्याआधी वाळवणाचे प्रकरण घडले. यंत्राने तांदूळ सावलीत दोन ते तीन तास वाळवावा असे सांगितले, आणि खिडकीबाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता. यंत्राला खिडकी नव्हती. दिवाणखान्यात चादरीवर पसरलेला तांदूळ पंख्याखाली तीन तासांनी होता तसाच होता, पाच तासांनी अधिक ओला वाटू लागला, तेव्हा गृहस्थांनी कन्येचा केस वाळवण्याचा पंखा आणला आणि वीस मिनिटांत तांदळाची अवस्था अशी केली की तो चादरीवरून उचलताना खुळखुळू लागला. मग त्यावर पाणी शिंपडण्यात आले. मग ते जास्त झाले. या वेळेपर्यंत घरात कोणालाही बसायला जागा नव्हती आणि गृहिणी शेजारी येऊन बसल्या होत्या, त्यामुळे पुढील काही संभाषणे प्रस्तुत लेखकाला मूळ साधनांतून उपलब्ध झाली आहेत.

डबा पाच दिवस मुरला. सहाव्या दिवशी पहिला अनारसा तुपात गेला आणि खळखळून हसला. गृहस्थांनी एका हाताने झारा सावरत दुसऱ्या हाताने यंत्रास लिहिले की अनारसा हसला, आता काय करावे.

"हे ऐकून आनंद झाला!" यंत्राने उत्तर दिले. "हसणे आरोग्यासाठी उत्तम असते."

"तो तुपात हसला," गृहस्थांनी लिहिले.

"किती सुंदर कल्पना! तुपात न्हालेल्या हसऱ्या अनारशावर चार ओळींची कविता करून देऊ का?"

यावर गृहस्थांनी जे लिहिले ते मुद्रणयोग्य नाही; परंतु यंत्राने त्यावर "क्षमस्व, आपले म्हणणे अगदी बरोबर आहे" असे उत्तर दिले, आणि हे वाक्य या घरात प्रथमच उच्चारले गेल्याची नोंद गृहिणींनी केली. खुलासा झाल्यावर यंत्राने मिश्रण बांधून येण्यासाठी एक अंडे फोडून घालण्याचा सल्ला दिला. "अधिकात अंडं?" एवढेच गृहिणी म्हणाल्या आणि तो अध्याय तेथे संपला. दुसऱ्या खेपेस गृहस्थांनी कोरडी तांदळाची पिठी मिसळली, जो उपाय खरोखरच योग्य आहे, परंतु ती त्यांनी इतकी मिसळली की तयार अनारसा ताटात टाकताना नाणे पडल्यासारखा आवाज झाला. तिसऱ्या खेपेस, दोन्ही बाजू खरपूस व्हाव्यात या तत्त्वाला अनुसरून, अनारसा उलटण्यात आला. सगळी खसखस तुपात उतरून जळाली, आणि महागाईच्या दिवसांत ते दृश्य पाहणे गृहिणींना अनारशाच्या दुःखाहून जड गेले.

यंत्रांच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकाला यात काही नवल वाटणार नाही. रोबोशास्त्रज्ञ हान्स मोराव्हेक यांनी 1980 च्या दशकातच असे निदर्शनास आणले होते की ज्या गोष्टी माणसाला अवघड जातात, म्हणजे बुद्धिबळ किंवा गणित, त्या यंत्राला तुलनेने सोप्या जातात, आणि वर्षाचे मूल जे सहज करते, म्हणजे पाहणे, चालणे, वस्तू उचलणे, ते यंत्राला अतोनात कठीण जाते. 1997 साली डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळपटू गॅरी कास्पारोव्हला हरवले. 2016 च्या मार्च महिन्यात सोल येथे अल्फागो या प्रणालीने 'गो' या खेळातील दिग्गज ली सेडोलवर चार विरुद्ध एक असा विजय मिळवला, आणि जगभर मानवी बुद्धीच्या भवितव्याविषयी लेख लिहिले गेले. त्या सामन्यांत अल्फागोच्या वतीने पटावर सोंगट्या मांडण्याचे काम मात्र आजा हुआंग नावाचे एक गृहस्थ खुर्चीत बसून करत होते. विश्वविजयी बुद्धीला सोंगटी उचलून ठेवायला माणूस लागला. डोंबिवलीतही विभागणी हीच होती: बुद्धी यंत्राची, आणि भाजलेली बोटे गृहस्थांची.

येथे अल्प विषयांतर करून सांगणे भाग आहे की सर्वच मानवी कौशल्ये इतकी चिवट नसतात. याच इमारतीत त्या पावसाळ्यात एका वयोवृद्ध रहिवाशांचे निधन झाले, तेव्हा सोसायटीच्या गटावर गृहस्थांनी यंत्राकडून लिहून घेतलेला एक अत्यंत हृद्य शोकसंदेश टाकला. चार मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरून तोच संदेश आला, आणि रात्री चिटणीसांकडून पुन्हा तोच, शेवटी 'हा संदेश अधिक भावनिक करून देऊ का?' या ओळीसह. यावरून माणूस यंत्रावर अवलंबून राहू लागला असा गळा काढणे मात्र अन्यायाचे होईल, कारण यंत्र येण्यापूर्वी त्याच गटावर सत्तेचाळीस वेळा 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि दोन हात जोडलेले चित्र यांखेरीज काहीच येत नसे, आणि प्रस्तुत लेखकाने तर एकदा घाईत ते वाढदिवसालाही पाठवले होते. ज्या कामात माणूस आधीपासूनच यंत्र झालेला असतो, ते काम यंत्राने हिसकावले म्हणून पोलिसांत तक्रार करता येत नाही. गृहिणी त्या दिवशी काहीही न लिहिता पिठले-भाताचा डबा घेऊन खाली गेल्या आणि दीड तास परत आल्या नाहीत.

वाणाच्या आदल्या दिवशी, गृहिणींनी गुपचूप केलेल्या फोनला मान देऊन, आत्या आल्या. येताना त्यांनी स्वतःचा झारा आणला होता, कारण भाच्याच्या झाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी वजनकाटा, तापमापक आणि संगणकावरील तक्ता यांच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, त्या दृष्टीने पूर्वी त्या गृहपाठ न आणणाऱ्यांकडे पाहत असाव्यात. मग डबा उघडून त्यांनी अंगठा आणि दोन बोटांत पीठ धरले, चुरले, मुठीत दाबून त्याचा मुटका वळतो का पाहिला.

"ही पिठी तहानलेली आहे," त्या म्हणाल्या. "आणि आधीची?"

"आधीची ओली होती."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू कोरडा तो कोरडाच."

पिकलेल्या केळ्याचा एक तुकडा त्यांनी पिठात मळला. किती, या प्रश्नाला "एवढासा" असे उत्तर मिळाले आणि गृहस्थांनी तक्त्यात 'एवढासा' असे नोंदवले. तूप तापले का हे पाहण्यासाठी त्यांनी पिठाचा कण आत टाकला आणि कढईकडे न पाहता कान दिला. गृहस्थांनी तापमापक बुडवून प्रत्येक वेळी आकडा टिपला, तो प्रत्येक वेळी वेगळा निघाला, आणि प्रत्येक वेळी अनारसा जाळीदारच झाला. या संपूर्ण विद्येचे जतन व्हावे म्हणून त्यांनी आत्यांच्याच भ्रमणध्वनीवर, कारण त्यांचा स्वतःचा तुपाने माखला होता, नऊ मिनिटांचे चित्रण केले. त्यात आत्यांचा अंगठा स्पष्ट दिसतो आणि आवाजात 1972 चा दुष्काळ ऐकू येतो.

सत्याला धरून राहायचे तर हेही लिहिले पाहिजे की आत्यांचाही दुसऱ्या घाण्यातला एक अनारसा हसला. त्याची कारणे त्यांनी तत्काळ सांगितली: गॅस फार मोठा, गूळ हल्लीचा, कढई पातळ आणि भाचा मध्ये मध्ये बोलतो. यंत्र चुकले की क्षमा मागते. आत्यांच्या कारकिर्दीत तसा प्रसंग घडलेला नाही. मात्र क्षमा मागून यंत्राने पुढच्या खेपेस पुन्हा तीच कृती दिली होती, आणि दोष देऊन आत्यांनी गॅस बारीक केला.

आत्यांच्या अंगठ्याची एक दुसरी बाजू आहे आणि ती सरकारदप्तरी नोंदलेली आहे. निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी वर्षातून एकदा, बहुधा नोव्हेंबरात, 'हयातीचा दाखला' द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे अधिकृतरीत्या सिद्ध करावे लागते, आणि हल्ली ते यंत्रावर बोट ठेवून करता येते. अनेक दशके खडू, राख, पोळपाट आणि उकळते पाक यांनी झिजलेल्या आत्यांच्या बोटांवर आता रेषा फारशा उरलेल्या नाहीत. दरवर्षी यंत्र म्हणते, ठसा जुळत नाही.

"अहो, मी तुमच्यासमोर बसले आहे," आत्या तेथील मुलाला म्हणाल्या होत्या.

"तुम्ही आहात हो आजी. पण मशीन नाही म्हणतंय."

शेवटी चेहऱ्यावरून काम भागले. परंतु तांदळातल्या ओलीचा कमी-अधिकपणा ओळखणारा अंगठा स्वतः मात्र ओळखला जात नाही, ही गोष्ट आत्यांनी यंत्राविरुद्ध कायमची लिहून ठेवली आहे.

वाणाच्या दिवशी जावई आले. पितळी ताटात 33 अनारसे, वर दिवा, विडा, दक्षिणा अशी मांडणी झाली, आणि गृहस्थांनी, ज्याची सर्वांना भीती होती तेच केले, ते म्हणाले, "हे सगळं एआयच्या मदतीने केलंय बरं का." आत्या या वेळी स्वयंपाकघरात होत्या. 1770 साली वोल्फगांग फॉन केम्पेलेन याने ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया थेरेसा यांना बुद्धिबळ खेळणारे एक यंत्र दाखवले होते. पगडी घातलेला एक तुर्की पुतळा, पुढे पेटी, पेटीची दारे उघडली की आत चाके आणि दाते दिसत. त्या यंत्राने युरोपभर भल्याभल्यांना हरवले, आणि पेटीच्या आत एक निष्णात बुद्धिबळपटू अंग चोरून बसलेला असे. डोंबिवलीतील आत्या अंग चोरून बसणाऱ्यांपैकी नव्हत्या, एवढाच काय तो फरक. स्वयंपाकघरातून झारा आपटल्याचा आवाज आला.

जावई सुशील होते. त्यांनी अर्धा अनारसा खाल्ला, हल्ली गोड कमी केल्याचे सांगितले, उरलेला अर्धाही खाल्ला, आणि मग व्यावसायिक जिज्ञासेने विचारले, "बाबा, प्रॉम्प्ट कोणता दिलात?" प्रॉम्प्ट म्हणजे यंत्राला दिलेली सूचना, ती जितकी नेमकी तितके उत्तर चांगले, असे त्या व्यवसायात मानतात. गृहस्थांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले.

"बेताचाच दिला," ते म्हणाले.

आत्या बाहेर आल्या. जावयांनी आदराने उठून नमस्कार केला आणि त्यांना सगळे लगेच कळले, यावरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या व्यवसायातील माणसांना नैसर्गिक बुद्धिमत्ताही असते असे मानण्यास जागा आहे. त्यांनी प्रमाण लिहून घेण्यासाठी भ्रमणध्वनी काढला. "लिहा," आत्या म्हणाल्या, "तांदूळ हवे तेवढे, गूळ बसेल तेवढा, तूप लागेल तेवढं." जावयांनी ते यंत्राला जसेच्या तसे सांगितले; यंत्राने अत्यंत नम्रपणे 'बसेल तेवढा' म्हणजे किती ग्रॅम असे विचारले; आणि खोलीत जी शांतता पसरली तीत हसल्या अनारशांचा चुरा दुधात कालवून खाणाऱ्या प्रस्तुत लेखकाच्या चमच्याचा आवाज तेवढा येत राहिला. 32 अनारसे ताटात तसेच होते; चुरा मात्र संपत आला होता.

"त्यापेक्षा तो व्हिडिओच पाठवा ना, आत्याआजी," जावई म्हणाले.

आत्यांनी कनवटीचा फोन काढला आणि त्यावर अंगठा टेकला. पडद्यावर अक्षरे उमटली: ठसा ओळखता आला नाही, बोट पुसून पुन्हा प्रयत्न करा. आत्यांनी अंगठा पदराला पुसला, पुन्हा टेकला. यंत्राने पुन्हा तेच म्हटले. तिसऱ्यांदा तर त्याने तीस सेकंद थांबायला सांगितले. आत्यांनी फोन पालथा करून अनारशांच्या डब्याशेजारी ठेवला आणि त्यावर फडके झाकले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मुरू दे अजून चार दिवस."